आण्णांचा मुतखडा आणि केसरबाईची हजेरी

मल्लूअप्पा स्वतःबद्दल सांगायला लागला की आधी हेच सांगतो, की आपला जन्म उभं राहण्यात गेला. निवडणुकीला नव्हे, तेवढी त्याची कधी छातीच झाली नाही. तो माईकपाशी उभा राहिला. स्टेजवर खुर्च्या असत, खुर्च्यांवर माणसं असत, माणसांच्या गळ्यात हार असत, आणि डाव्या कोपऱ्यात, जिथं मांडवाचा बांबू पाठीला टोचतो अशा जागी, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेला मल्लूअप्पा असे. हार कमी पडले तर पहिला त्याचाच कमी पडे. फोटोत त्याचा कोपरा तेवढा यायचा. एकदा एका पेपरात पूर्ण हात आला होता, ते कात्रण त्याच्या पाकिटात कितीतरी दिवस होतं.

युसूफ वडगावच्या अलीकडं फाट्यावरून आत वळलं की त्याचं गाव लागतं. वडील बसप्पांनी तिथं किराण्याचं दुकान टाकलं. ते मल्लिकार्जुनाच्या, म्हणजे आपल्या मल्लूअप्पाच्या हाती आलं आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत बायकोच्या, शिवकांताच्या हाती गेलं, म्हणून टिकलं. ही गोष्टही तो स्वतःच सांगतो. पावशेर साखर बांधताना तो इतका बोले, की मागची गिऱ्हाइकं कंटाळून समोरच्या दुकानात जात. शेवटी शिवकांतानं भिशीच्या पैशातून एक अँप्लिफायर, दोन भोंगे आणि एक माईक आणून त्याच्यापुढं ठेवला. म्हणाली, "आता जे बोलायचं ते गावाला बोला. दुकानात बोलू नका." भोंग्यावर 'शिवकांता साउंड सर्व्हिस' असं रंगवून घेतलं. नाव तिचं आणि तोंड त्याचं, अशी ती वाटणी होती.

भोंगे भाड्यानं देता देता तो बोलायला कसा लागला, तर एका दूध डेअरीच्या उद्घाटनाला सूत्रसंचालन करणारे गुरुजी आलेच नाहीत. दूध संघाचे चेअरमन बद्रीनाथराव येऊन बसले होते. सगळा तालुका त्यांना आण्णा म्हणे. कुणीतरी बोलायला हवं होतं आणि माईक मल्लूअप्पाच्या हातात होता. घाबरून त्याच्या तोंडून जे वाक्य निघालं ते असं: "आण्णांना खाजगी असं आयुष्यच नाही! आण्णा म्हणजे चोवीस तास जनतेची मालमत्ता!" टाळ्या पडल्या. आण्णांनी मान वळवून कोपऱ्याकडं पाहिलं. त्या दिवसापासून मल्लूअप्पा आण्णांचा आवाज झाला आणि ते वाक्य पुढची वीसेक वर्षं त्यानं कुठल्याही कार्यक्रमात चुकू दिलं नाही.

आणि वाक्य खोटंही नव्हतं. आण्णांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस संघाच्या आवारात झाला, तेव्हा दूध घालणाऱ्या प्रत्येक सभासदाला यावं लागलं होतं. आण्णांची साखर वाढली की मल्लूअप्पा भोंग्यावरून गावागावांत सांगे आणि देवळांत अभिषेक होत. अंबाजोगाईला आण्णांचा मुतखडा काढला, तेव्हा तर मल्लूअप्पाच्या वाणीला बहर आला. "जनतेसाठी फिरता फिरता ज्यांना स्वतःची तहान आठवली नाही, त्या नेत्याच्या पोटात दगड झाला!" असं तो म्हणाला आणि समोरच्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. तो खडा काचेच्या बाटलीत घालून संघाच्या ऑफिसातल्या कपाटात ठेवला गेला, ढाली आणि करंडकांच्या मधोमध. शाळेची सहल डेअरी बघायला आली की पोरं आधी तो बघत. ती बाटली तिथं ठेवायची कल्पना मल्लूअप्पाचीच होती आणि तिचा त्याला फार अभिमान होता.

एवढं करून त्याला काय हवं होतं? एक खुर्ची. बाकी काही नाही. दूध संघावर स्वीकृत संचालक म्हणून आण्णा कुणालाही घेऊ शकत. स्वीकृत संचालकाला काम नसतं, पण स्टेजवर दुसऱ्या ओळीत बसायला मिळतं. दर नेमणुकीच्या वेळी आण्णा म्हणत, "मल्लूअप्पा, तू बसलास तर बोलायचं कुणी?" मल्लूअप्पा हसे, आणि घरी आल्यावर शिवकांताला सांगे, की आण्णांना माझ्यावाचून करमत नाही.

मग ते दुष्काळाचं साल आलं, दोन हजार तेराचं. मांजरा धरणाच्या पोटात बैलगाड्या फिरायला लागल्या. दूध संघानं गावाबाहेरच्या माळावर सरकारी अनुदानातून चारा छावणी उघडली. आसपासच्या गावांतली जनावरं तिथं दावणीला आली आणि जनावरांमागून माणसंही आली. छावणी म्हटलं की रोजची हजेरी आलीच, कारण जितकी जनावरं हजर तितकंच अनुदान. ही हजेरी भोंग्यावरून घ्यायचं काम मल्लूअप्पाकडं आलं. नियम आण्णांनी स्वतः घालून दिला होता आणि मल्लूअप्पा तो रोज वाजवून सांगे: मालकानं आपल्या जनावरापाशी उभं राहायचं, नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं, आणि हजर म्हटलं की चारा मिळालाच पाहिजे, हा आण्णांचा शब्द आहे.

सकाळी एकदा, दिवस कलताना एकदा. दावणीच्या क्रमानं सगळी नावं त्याला पाठ झाली होती. नाव आणि त्यापुढं जनावरं, अशा चालीवर तो म्हणे, की ऐकणाऱ्याला गोड वाटे. आठवडाभरात एक गंमत झाली. हजेरीनंतर चारा येतो हे जनावरांच्या ध्यानात आलं. मल्लूअप्पानं माईकवर फुंकर मारून "हॅलो, हॅलो" म्हटलं, की सगळ्या छावणीतली गुरं उठून उभी राहत आणि हंबरायला लागत. मग हजेरी संपून उसाचं वाडं पुढ्यात पडेपर्यंत ती गप्प बसत नसत. आपल्या बोलण्यावर उठून उभे राहणारे श्रोते मल्लूअप्पाला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाले होते. त्यातली बरीचशी म्हसरं होती, पण त्याचं त्याला काही वाटलं नाही.

छावणीच्या ऑफिसला म्हणजे पत्र्याच्या शेडला आतल्या बाजूनं एक खोली होती. तिथं कूलर होता. दुपारी आण्णा तिथं आराम करत, आणि ज्यांचे नवरे कामाला बाहेरगावी गेले आहेत अशा बायांना एकेकीला, चाऱ्याची काही तक्रार आहे का म्हणून विचारायला बोलावत. तक्रार विचारायला पुरुषांना कधी बोलावणं गेलं नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. मल्लूअप्पालाही दिसत होतं. अशा वेळी तो भोंग्याची वायर तपासायला दुसरीकडं जाई.

केसरबाईचा नवरा आश्रुबा पुण्याकडं एका बांधकामावर राखणीला होता. तिची एक गाय आणि एक म्हैस छावणीत होती. एका दुपारी तिला बोलावणं आलं. ती गेली आणि लगेच बाहेर आली. डोक्यावरचा पदर सारखा करत ती सरळ टँकरपाशी गेली, जिथं पाण्यासाठी सगळ्या बाया थांबल्या होत्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आण्णानं माझा हात धरला. दाराला कडी घातली. मी ढकलून देऊन आले. अजून ज्यांना बोलावलं आसंल त्यांनी आपापलं सांगा."

तिच्या शेजारच्या खुंट्यावरची छबुबाई घागरीत पडणाऱ्या पाण्याकडं बघत राहिली. घागर भरून वाहायला लागली तरी तिनं ती काढली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे छावणीचा व्यवस्थापक शहादेव यानं केसरबाईची दोन्ही जनावरं सोडून तारेच्या फाटकाबाहेर नेऊन बांधली. म्हणाला, "जागा कमी हाय." मग मल्लूअप्पाकडं आला आणि म्हणाला, "अप्पा, आजपासून तिचं नाव घ्यायचं न्हाई. आण्णांचा निरोप हाय."

मल्लूअप्पानं नाव घेतलं नाही. छबुबाईच्या नावावरून तो उडी मारून पुढच्या बायनाबाईच्या नावावर गेला. पाठ केलेल्या चालीत एक खड्डा पडला आणि त्याचा आवाज तिथं ठेचकाळला. पण त्या खड्ड्यातच, फाटकाबाहेरच्या बाभळीखालून, आवाज आला, "हजर." संध्याकाळी पुन्हा तेच, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मल्लूअप्पा न पुकारता पुढं जाई आणि ती आपल्या जागी उत्तर देई. वाडं मात्र तिच्या जनावरांपुढं पडत नव्हतं. आजूबाजूचे लोक नजर चुकवून पेंढीभर टाकत, तेवढ्यावर ती होती.

छावणीत, हॉटेलात, पारावर याच्यावर चर्चा झडल्या. मोठी माणसं म्हटल्यावर असं चालायचंच, असं काही जण म्हणाले. काहींनी केसरबाईचाच स्वभाव तापट ठरवला. खरा तोडगा काढला तो मोहनरावांनी. हे संघाचे संचालक आणि वकील. अंबाजोगाईहून मोटारसायकलवर येऊन ते मल्लूअप्पाच्या दुकानासमोर उतरले. शिवकांता गल्ल्यावर होती. मोहनरावांनी मल्लूअप्पाला बाजूला घेतलं. "उद्या छावणीतच आण्णांवर विश्वास दाखवायची सभा ठेवली. तू बोलायचं. जास्ती काही न्हाई, एकच वाक्य. ही आण्णांची खाजगी बाब आहे, तिचा छावणीशी आणि संघाशी संबंध नाही. तुझं लोक ऐकतात." मग खांद्यावर हात टाकून म्हणाले, "आणि उद्या स्टेजवर एक खुर्ची तुझी. स्वीकृत संचालक. आण्णांनी सही केली."

मल्लूअप्पाचे डोळे भरून आले. हे सांगताना तो स्वतःला जोड्यानं मारावं तसा चेहरा करतो, पण भरून आले हे खरं. वीस वर्षांनी खुर्ची येत होती, आणि तीही केसरबाईच्या गाई-म्हशीच्या जागेवर मांडलेली.

त्याच संध्याकाळी केसरबाई दुकानात मीठ घ्यायला आली. पुडी बांधून होईपर्यंत ती मल्लूअप्पाकडं बघत होती.

"अप्पा, परवा नेकनूरचा बाजार हाय," ती म्हणाली. "दोन्हीबी घेऊन जाते. आता उभी ऱ्हाईना गेलीत. या दिवसांत घेणारं कोण असतंय ते तुमाला ठाऊक हाय."

"माझ्या हातात काय हाय, केसरबाई?"

"हातात न्हाई. तोंडात हाय," ती म्हणाली. "नाव पुकारलं की चारा मिळतो, हे रोज तुमीच सांगता."

ती गेल्यावर मल्लूअप्पा आतल्या खोलीत आरशापुढं उभा राहिला आणि उद्याचं वाक्य म्हणून पाहायला लागला. 'खाजगी'वर जोर द्यावा की 'बाब'वर, हे ठरेना. शिवकांता दारात येऊन थांबली.

"आवं, त्या छावणीतला चारा कुणाचा?"

"सरकारचा."

"ती खोली कुणाची?"

"संघाची. कावून?"

"अन् केसरबाई तिथं कशापायी गेलती?"

"चाऱ्यापायी. बोलावलं हुतं."

"मग त्यातलं आण्णाचं खाजगी ते कोणतं म्हणायचं?"

"तुला राजकारण कळत न्हाई," मल्लूअप्पा म्हणाला. दुसरं काही सुचलं नाही की तो हेच म्हणे.

"न्हाई कळत," शिवकांता म्हणाली. "पर मुतखडा सुदीक ज्यानं कपाटात मांडून ठेवला, त्याला आता लाज आठवावी, याचं नवल वाटलं." आणि ती दुकानाच्या फळ्या लावायला निघून गेली.

सभा दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर होती. शेडच्या पुढं मांडव घातला होता. पेपरवाले दोघं-तिघं आले होते. छावणीतली माणसं सतरंज्यांवर बसली, बाया एका बाजूला. सभेला आला नाही त्याला चारा उशिरा मिळेल, असं शहादेवनं आधीच फिरून सांगितलं होतं, त्यामुळं गर्दी उत्तम झाली. फाटकाबाहेर बाभळीखाली केसरबाई आपल्या जनावरांपाशी बसली होती. आणि स्टेजवर, दुसऱ्या ओळीच्या टोकाला, निळी, हाताची, प्लास्टिकची एक खुर्ची रिकामी होती. भोंगे बांधताना मल्लूअप्पानं कुणाचं लक्ष नाही असं बघून तिच्यावरून एकदा हात फिरवून घेतला.

आण्णा आले. पांढरे कपडे, चेहऱ्यावर थोडं दुःख, पण हसरं. मल्लूअप्पा माईकपाशी गेला, घसा साफ केला, आणि त्याच्या तोंडानं वीस वर्षांच्या सवयीनं आपली वाट धरली. "ज्यांना खाजगी असं आयुष्यच नाही! जे चोवीस तास जनतेची मालमत्ता! ज्यांचा मुतखडासुद्धा जनतेचा, असे आपले आण्णा!"

शहादेवनं टाळी वाजवली. एकट्याचीच वाजली. मल्लूअप्पाला आपण काय बोलून बसलो ते कळायच्या आत मोहनराव मागून दबक्या आवाजात म्हणाले, "वाक्य घे, वाक्य." आणि मल्लूअप्पानं, आज्ञाधारक माणूस तो, लगोलग वाक्य घेतलं: "आणि सध्या जे काही बोललं जातंय ती आण्णांची खाजगी बाब आहे! तिचा आपल्याशी संबंध नाही!"

पुरुषांच्या बाजूनं म्हातारा गहिनीनाथ, ज्याचे दोन बैल पहिल्याच दावणीला होते, बसल्या जागेवरून म्हणाला, "अप्पा, आत्ताच तर म्हनलास आण्णाला खाजगी काय न्हाईच म्हणून. मग हे कुटून काढलं बे?"

हशा आधी पुरुषांत झाला आणि मग बायांत. पदराआडचं ते हसू मल्लूअप्पानं इतक्या वर्षांत आपल्या विनोदांना कधी ऐकलं नव्हतं. आण्णांच्या चेहऱ्यावरचं दुःख आता खरं झालं. मल्लूअप्पाच्या डोक्यात मात्र काहीच उरलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा माईक हातात होता आणि बोलायला शब्द नव्हता. ज्याला दुकानातून उठवलं ते जास्त बोलतो म्हणून, तो गप्प उभा होता. काहीतरी आवाज यावा म्हणून त्यानं माईकवर फुंकर मारली आणि म्हणाला, "हॅलो, हॅलो."

छावणी उठली. आधी पहिल्या दावणीतली एक गाय उभी राहिली, मग तिच्या शेजारची, मग एकेक करत सगळी रांग, मग मागच्या सगळ्या रांगा. हंबरण्यानं मांडवाचे बांबू हलल्यासारखे वाटले. शहादेव हात हलवत दावणीकडं पळाला, पण म्हसरांना सभा कळते थोडीच. मोहनराव ओरडून काहीतरी सांगत होते, ते ओठांवरूनच कळत होतं. पेपरवाल्यांनी कॅमेरे जनावरांकडं वळवले. ही गुरं फक्त एकाच गोष्टीनं गप्प होतात हे सगळ्या छावणीला ठाऊक होतं आणि मल्लूअप्पाच्या तोंडाला तर डोक्याच्या आधी ठाऊक होतं.

"गहिनीनाथ दगडूबा, बैल दोन, गाय एक!"

"हजर," गहिनीनाथ सतरंजीवरून म्हणाला आणि लगेच उठून आपल्या बैलांकडं निघाला, कारण जनावरापाशी उभं राहिल्याशिवाय चारा नाही. दुसरं नाव आलं, दुसरा उठला. तिसऱ्यापासून लोकांनी आपलं नाव यायची वाट पाहिली नाही. धोतरं सावरत, चपला शोधत, सभा दावणीकडं पळायला लागली. सतरंज्या उघड्या पडल्या. आण्णांनी हात वर केला, म्हणाले, "मल्लूअप्पा, थांब." भोंग्याच्या आवाजात त्यांना स्वतःलाही ते ऐकू गेलं नसेल.

मल्लूअप्पा म्हणतो, की मला थांबता आलंच नसतं, हजेरी अशी मधे तोडली तर गुरं मेखा उपटतात. हे कारण त्यानं नंतर पुष्कळांना सांगितलं. पण चौथ्या दावणीपर्यंत येता येता पुढं कुणाचं नाव आहे, हे त्याला चांगलं दिसत होतं. चालीवर चालत माणूस खड्ड्याकडं निघावा आणि खड्डा कुठं आहे ते त्याला माहीत असावं, तसं झालं.

"छबुबाई रामकिसन, म्हशी दोन!"

"हजर."

आणि तो थांबला. इतके दिवस इथून उडी मारायची सवय लागली होती. डाव्या हाताला निळी खुर्ची होती. हंबरण्याच्या गदारोळात त्याला शेडमधल्या कूलरची घरघरही ऐकू आली, एवढा वेळ तो थांबला. आण्णा त्याच्याकडं बघत होते.

"केसरबाई आश्रुबा, गाय एक, म्हैस एक."

"हजर," फाटकाबाहेरून आवाज आला. ती उभी होती, एक हात म्हशीच्या पाठीवर.

कुणी हसलं नाही. सगळी छावणी आपापल्या जनावरापाशी उभी राहून फाटकाकडं बघत होती. नाव पुकारलं होतं आणि हजर म्हटलं होतं. पुढचं काय असतं ते लहान पोरालाही माहीत होतं. शहादेव फाटकाला पाठ लावून उभा राहिला आणि स्टेजकडं बघायला लागला. तेवढ्यात छबुबाई आपल्या म्हशी सोडून चालत गेली. शहादेवच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "मलाबी त्या खोलीत बोलावलं हुतं. दोनदा. सरक तिकडं." शहादेव सरकला. तिनं तारेचं फाटक ओढलं. तिच्यामागून बायनाबाई गेली, आणखी दोघी गेल्या, आणि त्यांनी केसरबाईची जनावरं आत आणून जुन्या खुंट्याला बांधली. गहिनीनाथानं आपल्या वाट्याच्या वाड्यातली पहिली पेंढी आणून त्यांच्यापुढं टाकली.

मल्लूअप्पानं हजेरी शेवटपर्यंत पुरी केली. संपली तेव्हा स्टेजवर आण्णा नव्हते, मोहनराव नव्हते, आणि निळी खुर्ची कुणीतरी उचलून नेली होती.

नंतरचं थोडक्यात सांगायचं तर असं. केसरबाई नेकनूरला गेली नाही. छबुबाईला आणि आणखी एकीला घेऊन ती केजला पोलिसांत गेली. ती केस अजून रेंगाळत चालली आहे. आण्णांनी काही महिन्यांनी चेअरमनपदाचा राजीनामा दिला. पेपरात आलं, खाजगी कारणास्तव. ती बाटली मात्र ऑफिसच्या कपाटातच आहे. नव्या चेअरमनला ती घरी पाठवावी की संघाची मालमत्ता म्हणून ठेवावी, हे ठरवता आलं नाही. संघाच्या कार्यक्रमाला आता अंबाजोगाईहून साउंड येतो. मल्लूअप्पाला लग्नं आणि सप्ताह उरले.

गावात त्याचा भाव मात्र चढला. हॉटेलात लोक त्याला चहा पाजत आणि म्हणत, अप्पा, लई धाडस केलंस. पहिल्या दिवशी तो म्हणाला, छे, जीभ घसरली. दुसऱ्या दिवशी म्हणाला, गुरांनी करवून घेतलं. तिसऱ्या दिवशी तो नुसता हसला, आणि तेव्हा त्याला जाणवलं की आपण या हसण्यावर पुढारी व्हायला लागलो आहोत. मग त्यानं हॉटेलात जाणंच कमी केलं.

शिवकांतानं मात्र सभेच्या संध्याकाळीच विचारलं होतं. भोंगे उतरवून तो दुकानात आला तेव्हा ती गल्ल्यामागं खुर्चीवर बसली होती. दुकानात तेवढी एकच खुर्ची, जुनी लाकडी, आणि गेली कित्येक वर्षं तिचीच. सभेला ती आली नव्हती, पण भोंगा माळावरून गावापर्यंत ऐकू येतो.

"छबुबाईच्या म्होरं तुमी थांबला हुतात," ती म्हणाली. "मला हितं ऐकू आलं. मग नाव घेतलं ते चुकून का जाणून?"

मल्लूअप्पानं वायरचं वेटोळं खिळ्याला अडकवलं. खरं तर त्यालाही ते नक्की माहीत नव्हतं. भीती माहीत होती, कूलरची घरघर माहीत होती, आणि तोंड उघडलं तेव्हा ते आपण उघडलं, एवढं माहीत होतं. हे आयुष्यात कुठल्याही भोंग्यावरून सांगता आलं नसतं.

"ती माझी खाजगी बाब हाय," तो म्हणाला.

शिवकांता गल्ल्यामागून उठली, खुर्ची उचलून त्याच्या मागं आणून ठेवली आणि म्हणाली, "बसा. लई येळ उभे हुतात."

आणि ती चहा ठेवायला आत गेली.